पेशींच्या काकू

मंगळवार, १४ मार्च. सकाळी ढगाळ, दहानंतर ऊन. बस सात मिनिटं उशिरा. सहाही बाटल्यांच्या अर्कात पेशी मेल्या. कोऱ्या अर्कातल्या जिवंत. भिंगरी जेवली नाही. वन्संचा गुडघा आज बरा. चष्म्याची दांडी ढिली झाली आहे, घट्ट करून घेणे.

एवढं लिहून काकूंनी वही मिटली. टेबलाच्या पलीकडे त्यांची नणंद शब्दकोडं घेऊन बसली होती. तिने चष्म्याच्या वरून पाहिलं.

"वहिनी, कोण गेलं?"

"कुणी नाही, वन्सं."

"मग चेहरा असा का?"

"पेशी गेल्या."

"हात्तिच्या! किती?"

"असतील लाख-दीड लाख."

"बाई बाई बाई! आणि तुम्ही मघाशी दोनदा वाढून घेतलंत!"

नणंदबाईंचा जन्म टेलिफोनच्या ऑफिसात गेला होता. दिवसभर दुसऱ्यांच्या लायनी जोडून दिल्यामुळे कुठल्या बोलण्याच्या मागे काय आहे, ते त्यांना चटकन कळे. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, "त्या मुलीच्या पेशी का? ती गोल गोल फिरते ती?"

"पेशी माझ्याच. पदार्थ तिचा."

"मग आता?"

"शुक्रवारी तीन वाजता बैठक आहे. पेशी मेल्या म्हणजे पदार्थ बाद. तीन वर्षं गेली पोरीची."

नणंदबाईंनी यावर थट्टा केली नाही. शब्दकोड्याकडे बघत नुसत्या म्हणाल्या, "तीन वर्षं म्हणजे काय थोडीथोडकी झाली?"

काकूंना प्रयोगशाळेत सगळे काकूच म्हणत. वय अडुसष्ट. एकोणतिसाव्या वर्षी त्या तिथे काचेची भांडी धुवायला लागल्या. सहा वेळा नळाच्या पाण्याने, तीन वेळा शुद्ध पाण्याने, मग भट्टीत वाळवायची. कुणी पाहो न पाहो, काकूंचं सहा म्हणजे सहाच असे. त्यांनी धुतलेल्या भांड्यांत पेशी मरत नाहीत, हे पहिल्या वर्षातच साऱ्यांच्या ध्यानात आलं. तेव्हाच्या प्रमुखांनी एक दिवस त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं आणि म्हणाले, "बघा जरा, काय दिसतंय?" काकूंनी पाहिलं. "मासोळ्या झोपल्यासारख्या दिसताहेत," त्या म्हणाल्या, "पण डाव्या कोपऱ्यातल्या तीन बऱ्या नाहीत." प्रमुखांना त्या तीन दिसल्याच नव्हत्या. त्या दिवसापासून भांडी दुसऱ्या कुणाकडे गेली आणि पेशी काकूंकडे आल्या.

त्या पेशी एका उंदराच्या. उंदीर जाऊन कित्येक दशकं लोटली, पण त्याच्या कातडीखालच्या पेशींचं घराणं बाटलीत अजून नांदतं आहे. त्यांना सदतीस अंशांची ऊब लागते, दर दोन दिवसांनी ताजं मीडियम लागतं आणि गर्दी झाली की अर्ध्यांना दुसरीकडे बिऱ्हाड करून द्यावं लागतं. मीडियम म्हणजे त्यांचं अन्नपाणी. रंगाने तांबडं, जरा गुलाबीकडे झुकणारं. त्यात मुद्दाम एक रंग घातलेला असतो. आंबटपणा वाढला की तो पिवळा पडत जातो. काकू काचेच्या दारातून एक नजर टाकून सांगत, "वरच्या फळीवरल्यांना भूक लागली आहे."

सुट्टीच्या दिवशीही त्या तासाभरासाठी जाऊन येत. त्यांचे यजमान इमारतींचे नकाशे काढायचे. ते होते तेव्हा म्हणत, "मूल नाही म्हणून कुणी विचारलं तर सांगत जा, पाच कोटी आहेत आणि एकही शाळेत जात नाही." यजमानांना जाऊन अकरा वर्षं झाली. त्या दिवशीचीही नोंद वहीत आहे. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी हे गेले. थंडी. नळवाल्याला उद्या येऊ नका म्हणून निरोप दिला.

रोजनिशीची सवय शाळेतली. मिशनच्या त्या शाळेतल्या सिस्टरनी वर्गातल्या प्रत्येक मुलीला एकेक वही दिली आणि सांगितलं, "रोज लिहायचं. पाहिलं ते लिहा, वाटलं ते लिहू नका." बाकीच्या मुलींच्या वह्या पंधरा दिवसांत वाणसामानाच्या हिशेबाला आणि गाणी उतरवायला लागल्या. काकूंच्या आता पंचावन्न झाल्या आहेत, कपाटाच्या खालच्या दोन कप्प्यांत, कणा बाहेर करून लावलेल्या. त्यात पाच ओळींवर एकही दिवस नाही. हेच वळण प्रयोगशाळेच्या नोंदवहीलाही लागलं, आणि म्हणून काकूंच्या अक्षरातल्या आकड्यावर तिथे कुणी शंका घेत नसे.

भिंगरी म्हणजे त्या प्रयोगशाळेतली संशोधक, बत्तीस वर्षांची. तिला हे नाव काकूंनीच ठेवलं, कारण ती खुर्चीत बसली तरी खुर्ची फिरे. तिने एक पदार्थ बनवला होता. दूध नासलं की जे आम्ल तयार होतं, त्याच्याच रेणूंची लांबच लांब माळ ओवून त्याची मऊ, पांढरी जाळी केलेली. भाजलेल्या माणसाच्या जखमेत ती ठेवायची. घर बांधताना परांची उभारतात ना, तशी. गवंडी परांचीवर चढून भिंत रचतात, इथे शरीरातल्या पेशी जाळीवर चढून नवी कातडी रचतात. फरक एवढाच की भिंत झाल्यावर परांची सोडवायला माणसं लागतात. ही परांची काम झालं की आपली आपण विरघळून जाते.

पण आधी पेशींना ती मानवली पाहिजे. पाहुणा घरात घेण्याआधी चौकशी करतात तशी ही चाचणी. जाळीचा तुकडा काचेच्या बाटलीत मीडियममध्ये एक दिवस भिजत ठेवायचा, ऊब देऊन, हलक्या झुलत्या पाटीवर. मग ते पाणी, म्हणजे अर्क, जित्याजागत्या पेशींवर ओतायचं आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. ताणून, अंग पसरून बसल्या असतील तर पदार्थ सोज्वळ. टाचणीच्या डोक्यासारख्या गोल होऊन तरंगत असतील तर संपलं. शून्य ते चार अशी इयत्ता असते. शून्य म्हणजे सगळं आलबेल, चार म्हणजे सगळ्या गेल्या. दोनच्या वर गेलं की पदार्थ नापास.

भिंगरीने तीन वेळा वेगवेगळी जाळी बनवून प्रत्येकीचे दोन तुकडे दिले होते. मंगळवारी काकूंनी सूक्ष्मदर्शकातून बघून सहा वेळा चार हा आकडा लिहिला. भिंगरी मागे उभी होती. फिरत नव्हती, हेच आधी काकूंना जाणवलं.

"सगळ्या?"

"सगळ्या, बाळ."

"साधा तीनसुद्धा नाही?"

"जे आहे ते आहे."

प्रयोगशाळेच्या आताच्या प्रमुख, मोठ्या मॅडम आल्या, त्यांनी स्वतः बघितलं आणि मान हलवली. "फार लवकर विरघळत असणार. आम्ल सुटतंय आणि पेशी भाजताहेत. शुक्रवारी दुसऱ्या पदार्थाचं बघू." त्या दुष्ट नव्हत्या, घाईत होत्या. भिंगरीने डबा उघडला, बंद केला आणि बाहेर निघून गेली.

बुधवारी काकू नेहमीच्या बसच्या आधीच्या बसने गेल्या. का, ते त्यांना सांगता आलं नसतं. काल रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर सारखा एक रंग येत होता, आणि तो रंग बरोबर नव्हता.

दार उघडून, हात धुऊन, अंगरखा चढवून त्या थेट कालच्या ताटलीपाशी गेल्या. ताटलीला चोवीस खळगे. मेलेल्या पेशींच्या खळग्यांतलं मीडियम छान तांबडं होतं. काकू तिथेच थबकल्या. मॅडम म्हणतात आम्ल. आम्ल सुटलं असतं तर हे पाणी पिवळं नको का व्हायला? निदान नारिंगी तरी? हे तर कोऱ्या बाटलीतल्या पाण्याइतकं तांबडं. मग पेशींना मारलं कशाने?

निकालावर सही होईपर्यंत वापरलेली बाटली धुवायची नाही, हा काकूंचा नियम होता. नव्या मुलांना तो खुळचट वाटे, कारण ओट्यावर पसारा होई. त्या पसाऱ्यात आठ बाटल्या होत्या. सहा भिंगरीच्या, एक नुसत्या मीडियमची, म्हणजे कोरी, आणि एक निरुपद्रवी प्लास्टिकच्या तुकड्याची. काकूंनी एकेकीचं झाकण फिरवून काढलं आणि उलटं करून कागदावर मांडलं.

झाकणाच्या आत गळती थांबवायला रबराची राखाडी चकती होती. सहा चकत्यांवर गुलाबी डाग पडले होते, आणि कडेने रबर किंचित फुगलं होतं. उरलेल्या दोन चकत्या कोरड्या ठणठणीत, काल डब्यातून काढल्यासारख्या.

काकूंनी स्टूल ओढलं आणि त्या बसल्या.

झुलत्या पाटीवर सहाच बाटल्या मावत, आणि त्याही आडव्या. उरलेल्या दोन बाटल्या, कोरी आणि प्लास्टिकची, काकू त्याच फळीवर बाजूला उभ्या ठेवत. गेली कितीतरी वर्षं असंच चाललं होतं आणि कधी काही बिघडलं नव्हतं, कारण जुन्या झाकणांत पांढऱ्या, चिवट पदार्थाची चकती असे. तिच्यातून काही म्हणजे काही पाझरत नाही. ती झाकणं वापरून वापरून झिजली. आठवड्यापूर्वी सामानखोलीतून ही नवी आली. काकूंनी स्वतः धुतली, स्वतः वाफेत शिजवली आणि "घट्ट बसतात हो," असं कौतुकही केलं. नव्या झाकणांची ही पहिलीच चाचणी. आडव्या बाटलीतलं पाणी दिवसभर रबर चाटत राहिलं. उभ्या बाटल्यांत पाणी झाकणापर्यंत पोचलंच नाही.

आणि रबर काय करतं, हे या प्रयोगशाळेत कुणाला माहीत नव्हतं? चाचणी नीट चालते की नाही हे बघायला, महिन्यातून एकदा पेशी हमखास मारणारा एक पदार्थ मुद्दाम ठेवावा लागतो. कपाटातल्या त्या बरणीवर काकूंच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'मारेकरी'. बरणीत होत्या रबराच्या पट्ट्या.

"अगं माझे आई," काकू स्वतःशीच पण मोठ्याने म्हणाल्या.

एकोणचाळीस वर्षांत त्यांनी शंभर-सव्वाशे मुलामुलींना शिकवलं असेल. पहिल्या दिवशी सगळ्यांना एकच धडा. "पंक्तिप्रपंच करायचा नाही. नमुन्याला जे कराल ते कोऱ्यालाही करायचं. तो हलला तर हाही हलला पाहिजे, तो तापला तर हाही. नाहीतर कशाने काय झालं, हे कधीच कळणार नाही." आणि त्या स्वतः वर्षानुवर्षं सहांना आडवं आणि दोघांना उभं ठेवत आल्या होत्या. पाटी लहान आहे म्हणून.

घड्याळात सव्वाआठ झाले होते. प्रयोगशाळेत दुसरं कुणी नव्हतं. बाटल्या धुऊन टाकायला पाच मिनिटं पुरली असती. मग "पुन्हा एकदा करून बघू या का?" असं सहज सुचवायचं, वेगळी झाकणं लावायची, पेशी जगतील, सगळे आनंदात. काकूंच्या मनात हे आलं नाही असं नाही. आलं, आणि त्यांनी त्याच्याकडे जरा वेळ बघितलंही. पण मंगळवारचे सहा चार नोंदवहीत शाईने लिहिलेले होते. ते खोडायचे तर शेजारी कारण लिहावं लागणार, आणि खोटं कारण त्या अक्षरात कसं लिहायचं, ते काकूंना येत नव्हतं.

भिंगरी नऊ वाजता आली. डोळे सुजलेले.

"इकडे ये. बस."

"काकू, मी ठीक आहे, खरंच, मला फक्त..."

"बस म्हटलं ना. आणि खुर्ची फिरवू नकोस."

काकूंनी तिला झाकणं दाखवली. रंग दाखवला. आडव्या-उभ्याची गोष्ट सांगितली. शेवटी म्हणाल्या, "तुझा पदार्थ चांगला आहे का वाईट, ते मला अजून माहीत नाही. पण काल मी जे बघितलं ते तुझ्या पदार्थाने केलेलं नाही, निदान सगळं नाही. ते माझ्या हातून झालं."

भिंगरीने एक झाकण उचलून उजेडात धरलं. काकूंना वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर बरंच होतं.

"मी काल आईला फोन केला," ती म्हणाली. "सांगितलं, सोडून घरी येते म्हणून."

"मग?"

"ती म्हणाली, खोली झाडून ठेवते."

"तिला सांग, दोन दिवस थांब."

भिंगरीच्या तोंडून एकदम हसू फुटलं आणि त्याच्या पाठोपाठ रडूही. "काकू, तुम्ही ना... तुम्ही मला एकदा टोपी घातली नाही म्हणून दारातून परत पाठवलं होतं!"

"पाठवलं होतं. आणि आज मला पाठवायला हवं. चल, नाक पूस. आज दुपारच्या आत भिजत घातलं, तर शुक्रवारी दुपारी वाचता येईल. बैठक तीनला आहे."

दोघी मोठ्या मॅडमकडे गेल्या. मॅडम याच प्रयोगशाळेत विद्यार्थिनी म्हणून आल्या होत्या आणि पिपेट कशी धरायची ते त्यांना काकूंनीच शिकवलं होतं. त्यांनी झाकणं पाहिली, नाकाजवळ नेली, परत ठेवली.

"काकू, हे तुम्ही केलंत?"

"हो."

"पंक्तिप्रपंच?"

"हो गं बाई. बोल काय बोलायचं ते."

"मी काय बोलणार? मला वीस वर्षांपूर्वी तुम्ही जे बोलला होतात, ते मला तोंडपाठ आहे. ते मी तुम्हाला म्हणून दाखवू शकत नाही." मॅडमनी खिडकीबाहेर बघितलं आणि मग पुन्हा झाकणांकडे. "एकदाच करून भागणार नाही. दोष झाकणाचा आहे, हे वेगळं सिद्ध झालं पाहिजे. नाहीतर म्हणतील, आपल्या माणसाला सांभाळून घेतलं."

"म्हणून चार तऱ्हा करते," काकू म्हणाल्या. त्यांनी ते बसमध्ये ठरवलं नव्हतं; स्टुलावर बसल्या बसल्या ठरवलं होतं. "जाळी, चांगलं झाकण, आडवी. जाळी, रबराचं झाकण, उभी. कोरी, चांगलं झाकण, आडवी. आणि कोरी, रबराचं झाकण, आडवी. ती शेवटची मेली पाहिजे."

"पाटीवर सहाच मावतात."

"शेजाऱ्यांची पाटी मागून आणते."

शेजारी म्हणजे जिन्यापलीकडचा विभाग, जिथे दातात भरायचं सामान तपासत. तिथल्या तंत्रज्ञाला सगळे दातवाले म्हणत. काकूंनी पाटी मागितली, शिवाय पांढऱ्या चकतीची बारा झाकणं मागितली.

"काकू, गेल्या वर्षी नेलेली कात्री अजून यायची आहे."

"कात्री तुमच्या खिडकीजवळच्या खणात आहे. मी कुणाचं बुडवत नाही. मागच्या ऑगस्टात आणून ठेवली आहे, तारीख सांगू का?"

"नको, नको! तुमच्याशी तारखेवरून कोण वाद घालणार? घ्या झाकणं."

बुधवारी पावणेबाराला सगळ्या बाटल्या पाटीवर चढल्या. गुरुवारी त्याच वेळेला अर्क पेशींवर गेला. मधल्या काळात काकूंनी जुन्या बाटल्यांचे फोटो काढून घेतले, चकत्या पाकिटांत घालून वर नावं लिहिली आणि सामानखोलीतल्या माणसाला गाठून उरलेली रबरी झाकणं परत घ्यायला लावली. तो म्हणाला, "काकू, झाकण म्हणजे झाकण." काकू म्हणाल्या, "औषधाचा चमचा आणि चुन्याचा चमचा दोन्ही चमचेच. घ्या परत."

गुरुवारी संध्याकाळी घरी नणंदबाईंनी विषय काढलाच.

"सांगून टाकलंत?"

"बुधवारीच."

"कुणी ओरडलं?"

"नाही ना. तेच जड जातंय."

"मी एकदा," नणंदबाई म्हणाल्या, "नवऱ्याशी भांडणाऱ्या एका बाईची लाइन चुकून तिच्या सासऱ्याला जोडून दिली होती. पाच मिनिटं ती नवरा समजून सासऱ्याला फैलावर घेत होती."

"मग?"

"मग काय, सासरा म्हणाला, हे सगळं खरं आहे, मी त्याच्याशी बोलतो. पुढे म्हणे त्यांचा संसार सुधारला." नणंदबाई स्वतःच खुदखुदल्या. "पण मी साहेबांना सांगितलं नाही हो. तुम्ही सांगितलंत. आमच्या घराण्यात तुमच्याइतकं सरळ कुणीच नव्हतं, आमचे बंधुराजसुद्धा नाहीत."

"त्यांचं काय मध्येच?"

"काही नाही. झोपा आता. सकाळी पेशी उठायच्या आत उठायचंय तुम्हाला."

शुक्रवारी दुपारी बाराला काकूंनी भिंगरीकडून सगळ्या खळग्यांवर चिकटपट्टी लावून घेतली आणि वर नुसते आकडे घालून घेतले. कुठला खळगा कशाचा, याची यादी भिंगरीच्या खिशात. "मला कळता कामा नये," त्या म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांना तुझी दया यायची." मग तिला बाहेर घालवलं. काचेच्या दारातून भिंगरी दिसत होती, व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत. निदान पुन्हा फिरायला तरी लागली, काकूंच्या मनात आलं.

पहिला खळगा. अंग पसरून, एकमेकींना खेटून, मासोळ्या. शून्य. दुसरा, शून्य. तिसऱ्यात सगळ्या गोल, तरंगत. चार. चौथा शून्य. पाचव्यापाशी काकू रेंगाळल्या. बहुतेक चांगल्या होत्या, पण इथे तिथे काही आक्रसलेल्या, कुठे एखादी गोल. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. एक. तो शून्य असता तर काकूंनाही बरं वाटलं असतं, पण तो एक होता. त्यांनी एक लिहिला. असं करत करत चोवीस आकडे झाले, तेव्हा पावणेदोन वाजले होते.

दार उघडून त्या म्हणाल्या, "आण तुझी यादी."

भिंगरी वाचत गेली आणि काकू बोट ठेवत गेल्या. रबरी झाकणाच्या, आडव्या, कोऱ्या बाटल्या, ज्यांत जाळीचा कण नव्हता, त्या सगळ्या चार. चांगल्या झाकणाच्या कोऱ्या, शून्य. भिंगरीची पहिली जाळी, शून्य. दुसरी, शून्य. रबरी झाकणाखाली उभी ठेवलेली जाळीसुद्धा शून्य. तिसरी जाळी, एक.

"तिसरी घाईत वाळवली होती," भिंगरी हळूच म्हणाली. "दोनच दिवस."

"मग तसं लिही. एक म्हणजे पास आहे, पण लपवू नकोस."

"काकू, पास आहे!"

"तेच म्हटलं मी."

"नाही, पण पास आहे!" आणि तिने काकूंना मिठी मारली, हातमोज्यांसकट. मग हातमोजे बघून दोघींनी एकदमच हात मागे घेतले. काकूंनी नवा अंगरखा घातला.

बैठक पंचवीस मिनिटांत आटोपली. मॅडमनी निर्णय सांगितला: भिंगरीचं काम पुढे चालू राहील, चाचणी आणखी दोनदा व्हायची, आणि तिसऱ्या खेपेची जाळी नव्याने, नीट वाळवून करायची. भिंगरी मान डोलावत राहिली; कुणी तिला सगळं पुन्हा पहिल्यापासून कर म्हटलं असतं, तरी ती अशीच डोलावत राहिली असती. मग मॅडमनी नोंदवही काकूंपुढे सरकवली.

काकूंनी मंगळवारच्या पानावर पट्टीने एक सरळ रेघ मारली, खालचे आकडे वाचता येतील अशी. शेजारी लिहिलं: झाकणातल्या रबराचा अर्क उतरल्याने निकाल रद्द. कोऱ्या बाटल्या उभ्या ठेवल्या होत्या, नमुन्याच्या आडव्या. चूक माझी. खाली पूर्ण सही केली. कामाच्या नियमांत एक ओळ वाढली, सगळ्या बाटल्या आडव्या, आणि मोठी पाटी मागवायचं ठरलं.

"लहान पाटीवर इतकी वर्षं काढलीत," मॅडम बाहेर पडताना म्हणाल्या. "सांगायचं नाही का?"

"चालत होतं म्हणून चालवलं," काकू म्हणाल्या. "तीच तर खोड."

भिंगरी व्हरांड्याच्या टोकाशी भिंतीला टेकून एका हाताने फोनवर आईशी बोलत होती आणि दुसऱ्या हाताने डब्यातलं जेवत होती. तोंडात घास असल्यामुळे तिच्या आईला काय कळत होतं देव जाणे. काकूंनी जाता जाता तिला खुणेनेच सांगितलं, आधी गीळ. मग पेशींना ताजं मीडियम घातलं, वरच्या फळीवरल्या भुकेल्यांना आधी, आणि चारची बस पकडली. खिडकीजवळची जागा मिळाली.

संध्याकाळी उजेड होता तोवर त्यांनी वही उघडली. नणंदबाई गॅलरीत कपडे काढत होत्या.

शुक्रवार, १७ मार्च. दिवसभर ऊन, वारा. बस वेळेवर. भिंगरीची जाळी: शून्य, शून्य, एक. रबरी झाकण, कोरी, आडवी: चार. मंगळवारच्या पानावर सही केली. भिंगरी जेवली. पलंगपोस तीन धुतले. दोन वाळले, निळा अजून ओला आहे.